सावतोबांचा मळा आणि दारातली कुंडी

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालसारख्या गावात दारात तुळस नसलेले हिंदू घर शोधावे लागेल. कुठे विटा-सिमेंटचे वृंदावन असते, कुठे रंग दिलेला तेलाचा डबा, कुठे तळाला भोके पाडलेली जुनी बादली. पण तुळस असते, सकाळी तिला पाणी मिळते आणि तिन्हीसांजेला तिच्यापुढे दिवा लागतो. म्हणजे मोजक्या मातीत एक झाड लावून त्याची रोज काळजी वाहणे ही गोष्ट आपल्याकडे शहरातल्या गच्चीवरून आलेली नाही. ती आपल्या घरगुती धर्माच्या मध्यभागी कित्येक पिढ्या आहे. आता त्याच ओट्यावर दुसऱ्या डब्यात कोथिंबीर पेरली आणि तिसऱ्यात मेथी. तांब्या तोच, पाणी तेच, हात तोच. तरीही तुळशीला घातलेले पाणी पूजा ठरते आणि कोथिंबिरीला घातलेले पाणी घरकाम. हा फरक खरा आहे की केवळ सवयीचा? पोटासाठी लावलेल्या झाडाची निगा ही उपासना होऊ शकते का? माझे म्हणणे असे आहे की होऊ शकते. पण ‘काम हीच पूजा’ या सोप्या घोषणेच्या बळावर नव्हे. त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर अरणच्या सावता माळ्यांपासून सुरुवात करावी लागते.

सावतोबा हे ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव, आणि शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली, त्यांनी तिथेच देह ठेवला. त्यांचे जे थोडे अभंग उरले ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. त्यांच्या नावावरच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात आणि भाजीपाल्यात त्यांना विठाई दिसते. मोट, नाडा, विहीर आणि दोरी यांत पंढरी दिसते. स्वकर्माची थोरवी सावतोबांनी गायली हे खरे आहे, आणि त्यावरूनच ‘आपापले काम नीट करा, तोच देव’ असा बोध आपण काढतो. पण या अभंगाकडे नीट पाहिले तर त्यात राबणारा माणूस कुठेच मोठा केलेला नाही. त्यात आहेत ती झाडे आणि झाडांपर्यंत पाणी नेणारी साधने. देव माळ्याच्या घामात आहे असा दावा तिथे नाही. ज्याची निगा राखायची त्या कांद्यात देव आहे असा आहे. या दोन म्हणण्यांत मोठे अंतर पडते. पहिले मानले तर कुठलाही धंदा पूजा ठरतो, मापात पाप करणाऱ्याचाही. दुसरे मानले तर एक कठोर कसोटी हाती येते: समोरच्या जिवाला काय हवे आहे ते तुम्ही पाहिलेत का, आणि त्याच्या वेळेला दिलेत का?

याच अभंगाबद्दल एक ऐतिहासिक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या रूढ पाठात मिरचीही आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली, सावतोबांनंतर दोन शतकांहून अधिक काळाने. म्हणजे पाठात फेरफार झाला, किंवा गाणाऱ्यांनी ती ओळ पुढे कधीतरी जोडली. काही अभ्यासकांना हा प्रक्षेप म्हणून खटकेल. मला मात्र त्यात परंपरेने आपणहून दिलेले उत्तर दिसते. मळ्यात नवी भाजी आली तेव्हा लोकांनी तिला विठाईच्या यादीबाहेर ठेवले नाही. देवत्व ठरावीक झाडांच्या जातीला चिकटलेले असते तर यादी बंद राहिली असती. ती उघडी राहिली, याचा अर्थ गाणाऱ्यांना मुद्दा कळला होता: जे झाड आपल्या हातच्या पाण्यावर जगते ते त्या यादीत बसते. उद्या त्यात डब्यातला टोमॅटो आला तर परंपरा मोडत नाही, ती पुढे चालते.

मग मळा सोडून कुंडीचेच एवढे महत्त्व कशासाठी? कारण कुंडीत हे अवलंबून असणे पूर्ण होते. शेतातल्या रोपाला आभाळ आहे, खोल जमीन आहे. वरची माती सुकली तरी मूळ खाली ओल शोधत जाते. कापसाचे सोटमूळ भारी जमिनीत चांगले खोल उतरते. डब्यातल्या वांग्याला हात-दीड हाताच्या पलीकडे जगच नाही. त्याला मिळणारे पाणी, खत, ऊन आणि सावली हे सगळे कोणीतरी ठरवते, आणि तो कोणीतरी म्हणजे आपण. एरवीच्या भक्तीत माणूस मागणारा असतो: पाऊस दे, पीक दे, पोराला नोकरी दे. कुंडीपुढे त्याची जागा बदलते. आता मागणारे दुसरे कोणी आहे आणि ज्याच्याकडे मागितले जाते तो आपण आहोत. शिवाय मागणाऱ्याला तोंड नाही. मान टाकलेले पान, कडेने पिवळी पडलेली मेथी, खालच्या बाजूने आकसलेले मिरचीचे पान, एवढीच त्याची भाषा. ती वाचायची तर रोज थांबून पाहावे लागते. कुंडीने शिकवलेला धर्म तो हाच. आपण ज्याला दाता म्हणतो त्याच्या जागी क्षणभर बसून पाहणे, आणि त्या जागेवर बसलेल्याकडून आपण काय अपेक्षा करतो ती आधी स्वतः पुरी करणे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला या तत्त्वाचा अर्थ अगदी हातात कळतो. पहिली चूक बहुधा मातीची होते. वऱ्हाडची काळी कसदार माती शेतात सोने असते, म्हणून ती जशीच्या तशी डब्यात भरली जाते. पण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. डब्यात ती ओली असताना हवा कोंडते, आणि सुकली की काठापासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाशी निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. म्हणून माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नदीची वाळू किंवा नारळाचा भुसा साधारण सारख्या भागाने मिसळावे, आणि तळाला तीन-चार भोके असावीतच. धणे अख्खे पेरू नयेत. हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि या दिवसांत ‘बी खराब निघाले’ असे म्हणून माती उकरणारे पुष्कळ असतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला होते. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली आणि तीन-चार तासांचे ऊन पुरते. वांगी, मिरची, टोमॅटो यांना फूटभर खोली आणि सहा तास ऊन हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की प्लास्टिकचा डबा बाजूने तापून मुळे भाजतात. तेव्हा जुने गोणपाट गुंडाळावे आणि दुपारची सावली द्यावी. यातली प्रत्येक सूचना दिसायला तंत्राची आहे, पण तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माझ्या कल्पनेप्रमाणे नव्हे, समोरच्याच्या प्रकृतीप्रमाणे द्यायचे. आपल्याला सोयीचे तेच देवाला आवडते असे मानणारी भक्ती जशी कच्ची, तसे रोज सकाळी वर माती ओली आहे का हे न बघता तांब्या ओतणेही कच्चे. नवशिक्यांच्या कुंडीतली किती तरी झाडे तहानेने नव्हे, जास्त पाण्याने मरतात. बोटाचे पेर मातीत घालून पाहणे आणि कोरडे लागले तरच पाणी देणे ही शिस्त म्हणजे आपल्या प्रेमाला लावलेला लगाम आहे.

आपल्या सणांत उगवण्याचा सोहळा आहे, हेही इथे आठवावे. घटस्थापनेला शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर किंवा परडीत पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, मधोमध घट ठेवतात आणि नऊ दिवस पाणी शिंपडतात. दसऱ्याला ते अंकुर देवाला वाहतात, कोणी टोपीत खोवतात. बियांतून जीव वर येणे हे देवीचे रूप आहे, हे इतक्या थेटपणे सांगणारा दुसरा विधी क्वचितच असेल. पण तो दहाव्या दिवशी संपतो. अंकुराला नमस्कार होतो. पुढे रोपाला खत, आधार, कीड आणि ऊन यांचा जो खरा प्रश्न असतो, त्याच्याशी विधीचा संबंध उरत नाही. मी हा विधीचा दोष म्हणत नाही. विधी दिशा दाखवतो, वाट चालायची ती आपण. घटातल्या अंकुरात देवी दिसली असेल तर अकराव्या दिवशी डब्यातल्या रोपात ती का दिसू नये, एवढाच प्रश्न आहे. तुळशीने आपल्याला रोजची काळजी शिकवली आणि घटाने उगवण्याचे नवल दाखवले. भाजीची कुंडी या दोन शिकवणी एकत्र आणते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप निष्कामतेचा. तुळशीकडून पोट भरण्याची अपेक्षा नसते, म्हणून तिची सेवा शुद्ध. मेथी मात्र खाण्यासाठीच लावलेली, मग तिच्या निगेत स्वार्थाखेरीज काय आहे? या आक्षेपाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर आहे. तिथे खाण्याला दोष दिलेला नाही. फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याला आणि घेतलेले परत न करणाऱ्याला दिलेला आहे. अन्न पावसाने, पाऊस यज्ञाने, असे ते चक्र आहे आणि त्यात आपला वाटा न टाकणारा चोर ठरतो. कुंडी हे चक्र डोळ्यांसमोर मांडते. भाजीची देठे, कांद्याची साले, चहाचा चोथा, वाळलेली पाने परत मातीत गेली तरच पुढची पेरणी जोमदार येते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून हेच शास्त्राच्या अंगाने मांडले. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी यांच्या द्रावणात पालापाचोळा भिजवून त्यांनी ज्या मातीचा आग्रह धरला ती विकत आणायची नसते, घरच्या केरातून घडवायची असते. त्या विचाराच्या आधाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या केरावर भाजीपाल्याची बाग उभी राहिली. घेणे आणि परत करणे असे जोडलेले असते तेव्हा खाणे हा स्वार्थ राहत नाही, तो वाटा होतो. शिवाय निष्कामतेची कसोटी कुंडी दरवर्षी आपणहून घेते. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांग्याचे शेवटचे जेवण होते आणि कित्येक घरांत चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे वर्ज्य होते. डब्यातले वांगे मात्र त्याच पावसाळ्यात भरात असते. चार महिने आपण खाणार नाही अशा झाडालाही ज्या हातून पाणी मिळते, त्याची फळे शेजारी जातात, त्या हाताला निष्काम कर्माचा आणखी वेगळा धडा देण्याची गरज नाही. आणि जे खायचे ते आधी नैवेद्याला ठेवता येतेच. शेगावला गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठले-भाकरीबरोबर अंबाडीची भाजी असते. साध्या घरच्या भाजीला देवाच्या पानात जागा आहे, हे या परिसरातल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, कारण तो या मातीतलाच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णेकडे सरकावे तसे विहिरी-बोअरचे पाणी खारे होत जाते. हे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे आजार होतात, ही या भागाची जुनी तक्रार आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना उभारावी लागली ती याच कारणाने. जिथे गोड्या पाण्याचा हंडा मोजून मिळतो तिथे कोथिंबिरीसाठी पाणी ओतणे धर्म आहे की उधळेपणा? याचे उत्तर टाळता येत नाही. बारा इंचांच्या कुंडीला भर उन्हाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर पाणी लागते. घरात माणसांना किंवा जनावरांना पाणी कमी पडत असेल तर त्या उन्हाळ्यात भाजीची कुंडी लावू नये. तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढून केलेली कोणतीही पूजा पूजा नव्हे. पण बहुतेक घरांत, बहुतेक महिने, तांदूळ आणि डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी मोरीत जाते. तेवढे दोन-तीन कुंड्यांना पुरते. म्हणजे कुंड्या किती ठेवायच्या हे हौसेने नव्हे, स्वयंपाकघरातल्या धुवणाने ठरवायचे. ही मर्यादा म्हणजे या गावातल्या उपासनेचा नियमच समजावा.

खाऱ्या पाण्याने कुंडी आणखी एक गोष्ट उघड करते, आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. पाणी उडून जाते, पानांतून बाहेर पडते. त्यातले क्षार मात्र कुठेही जात नाहीत. शेतात पावसाचे पाणी त्यांना थोडे खाली नेते, कुंडीत ते साचतच राहतात. काही आठवड्यांत मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि काठाला पांढरी पापडी धरते. बोटाने खरवडली तर भुकटी पडते. मग पानांच्या कडा करपतात, आणि पाणी असूनही झाड तहानलेले दिसते, कारण खारट मातीतून पाणी ओढणे मुळांना जमत नाही. यावर उपाय आहेत: पाणी तळाच्या भोकातून वाहून जाईल इतके द्यावे, खालच्या ताटलीत साचलेले पाणी फेकावे, पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन काढावेत, आणि घेवड्यापेक्षा पालक-बीट यांसारखी खारेपणा सोसणारी भाजी निवडावी. एका मोहापासून मात्र दूर राहावे. या पट्ट्यात पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रे गावोगाव आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालावे असे वाटते. त्या पाण्यात मूळ पाण्याहून अधिक क्षार असतात. ते कुंडीला घालणे म्हणजे झाडाला हळूहळू मारणे. वरून दोन्ही सारखेच दिसते: धुवणाचे पाणी घातले काय आणि यंत्राने टाकलेले घातले काय, दोन्ही ‘वाया जाणारे’च. पण पहिल्यात आपण आपला वाटा दोनदा वापरतो, दुसऱ्यात आपल्याला नको असलेले विष दुसऱ्याच्या पदरात टाकतो. दान आणि टाकणे यांतला हा फरक माणसांच्या जगात पुष्कळदा झाकता येतो. कुंडीत तो महिन्याभरात पांढऱ्या पापडीच्या रूपाने वर येतो.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो जोतीराव फुल्यांच्या बाजूने येतो. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवले की शेतकऱ्याच्या श्रमावर सगळे जगतात, आणि त्याच्या अज्ञानाचा, धर्मभोळेपणाचा फायदा घेऊन त्याला नागवतात. मग शेतीला पूजा म्हणणे हा त्याच फसवणुकीचा गोड प्रकार नव्हे का? ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावाने आणि कर्जाने माणसे खचतात, तिथे चार कुंड्यांचे तत्त्वज्ञान सांगणे ही पोट भरलेल्यांची चैन नाही का? हा आक्षेप अर्धा मान्य केलाच पाहिजे. राबणाऱ्याला ‘तुझे श्रम हीच पूजा’ असे दुसऱ्याने सांगणे नेहमीच संशयास्पद असते, कारण पूजेला मजुरी द्यावी लागत नाही. म्हणूनच सुरुवातीला मी ती घोषणा बाजूला ठेवली. कुंडीचा उपदेश पिकवणाऱ्याला नाही, खाणाऱ्याला आहे. गांधीजींनी अकरा व्रतांत शरीरश्रम धरला तो याच अर्थाने: खाणाऱ्याने उत्पादक श्रमात स्वतःचा हात घालावा. ज्याने एका डब्यात धणे पेरून, ऊन-पाणी सांभाळून, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी मूठभर कोथिंबीर काढली आहे, त्याने आठवडी बाजारात भाजीवालीच्या जुडीवर रुपया-दोन रुपयांची घासाघीस करावी, हे त्याला स्वतःलाच शोभणार नाही. कुंडीने भाव वाढत नाहीत आणि कर्ज फिटत नाही. त्यासाठी राजकारणच करावे लागेल, आणि भक्तीच्या नावाने ते टाळणे हा पळपुटेपणा ठरेल. पण अन्नामागचे दिवस ज्याने मोजले आहेत तो त्या राजकारणात शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहण्याची शक्यता जास्त. आणि ते मोजूनही जर तो घासाघीस करत असेल, तर त्याने कुंडीत भाजी लावली असेल, उपासना केली नाही असे खुशाल समजावे.

चौथा आक्षेप अहिंसेचा. मेथी उपटायची, दाट उगवलेली रोपे विरळ करायची, मावा दिसला की कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क फवारायचा; जीव घेण्यात उपासना कसली? कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या जैन आचारामागे हीच जाणीव आहे, आणि तिचा आदर केला पाहिजे. पण बाजारातून जुडी आणली म्हणून हिंसा टळत नाही. ती फक्त नजरेआड होते. कुंडीत ती आपल्या बोटांनी करावी लागते, म्हणून तिचे मोजमाप राहते. पालकाचे मूळ राखून बाहेरची पाने तेवढी खुडली तर तेच झाड तीन-चार वेळा पाने देते. मेथीही जमिनीलगत कापली तर पुन्हा फुटू शकते. तुळशीची पाने द्वादशीला तोडू नयेत हा जुना नियम घेण्याला मर्यादा घालतो. तशी मर्यादा इतर झाडांसाठीही प्रत्येकाने ठरवावी. जगण्यासाठी घ्यावे लागते, हे सत्य कुठलाही धर्म पुसू शकत नाही. किती घेतले हे माहीत असणे आणि त्याबद्दल ऋणी असणे एवढे मात्र आपल्या हातात आहे.

शेवटचा आक्षेप भक्तांकडूनच येईल. घरच्या कुंडीत देव सापडला तर शेगावची वारी कशाला, पंढरीची वाट कशाला? इथे परंपरेने दोन्ही बाजू जपून ठेवल्या आहेत. वारीत बायका डोक्यावर तुळशीचे वृंदावन घेऊन पंढरीपर्यंत चालतात. म्हणजे झाडच देवाच्या भेटीला निघते. दुसरीकडे सावतोबांची पालखी पंढरपूरला जात नाही. पांडुरंगाची पालखी अरणला येते. सावतोबांनी वारी नाकारली असे कोणी म्हणत नाही. त्यांच्यावर अवलंबून असलेला मळा मागे होता, आणि त्या जबाबदारीला परंपरेने इतका मान दिला की देवालाच वाट वाकडी करायला लावली. यातून जो न्याय निघतो तो आजच्या घरालाही लागू आहे. वारीला जरूर जावे. पण जाण्याआधी कुंड्यांना पाणी कोण घालेल याची सोय करावी, शेजारच्या घराला सांगावे, आणि शेजारी वारीला गेले की त्यांच्या तुळशीबरोबर त्यांची मिरचीही जगवावी. असे एकमेकांचे पाणी घालण्यातून जे नाते तयार होते ते कुठल्याही सत्संगाहून कमी नाही.

म्हणून वरवट बकालच्या कोणी पहिल्यांदा भाजी लावायचे ठरवले तर त्याला माझे सांगणे एवढेच: दहा कुंड्यांनी सुरुवात करू नये. तुळशीशेजारी दोन डबे ठेवावेत, एकात मेथी आणि एकात पालक, घरच्या धुवणाच्या पाण्यावर जगतील एवढेच. आणि तुळशीला पाणी घालताना मनाची जी वृत्ती असते तीच त्या दोन डब्यांपुढेही असू द्यावी. त्यांना नमस्कार केला नाही तरी चालेल, त्यांच्याकडे नीट पाहिले नाही तर चालणार नाही. तुळशीचे पावित्र्य भाजीपर्यंत पोहोचल्याने तुळस उणी होत नाही. उलट तुळशीला आपण इतकी वर्षे पाणी का घालत होतो हे आता कळते. आपल्यावर अवलंबून असलेल्या एका मुक्या जिवाची हाक रोज ऐकू यावी म्हणून ती दारात होती. ज्याने ती हाक वेळेवर ऐकली त्यालाच देवापुढे उभे राहून स्वतःसाठी काही मागण्याचा अधिकार आहे, असे मला मनापासून वाटते.